तुमच्या बांधावरचं गांडूळ नवीन आहे का?

शिरूरकडच्या निमोण्याच्या शिवारात ऊस तुटून गेल्यावर पाचट बाजूला सारून कुदळ मारली, की ओल्या ढेकळातून दोन-तीन गांडुळं वळवळत बाहेर येतात. चासकमान धरणाच्या कालव्याचं आवर्तन येऊन गेल्यावर चारीच्या काठाला निघतात ती जरा वेगळी दिसतात. घोड नदीच्या काठाला गळ टाकून बसणारी पोरं चिखलातून काडू म्हणून जी वेचतात, ती आणखीच वेगळी. मग कुणाच्या तरी मनात येतंच : यातलं एखादं शास्त्राला अजून ठाऊकच नसेल तर? प्रश्न भाबडा मुळीच नाही. गांडुळांच्या नव्या जाती भारतातून आजही नोंदल्या जातात. केरळातल्या पश्चिम घाटातून गेल्या काही वर्षांत द्राविडा आणि मोनिलिगास्टर या वंशांच्या अनेक जाती नव्याने वर्णन झाल्या. शिरूर-दौंडच्या कोरड्या पट्ट्यात मात्र फार कमी लोकांनी या कामासाठी खुरपं चालवलेलं आहे.

शाळेतले विज्ञानशिक्षक, बी.एस्सी.ला असलेली गावातली मुलं आणि मातीकडे इतरांपेक्षा जरा जास्त वेळ बघणारे शेतकरी यांच्यासाठी हे लिहितो आहे. जात नवी आहे की जुनी, हे ठरतं टेबलावर, जुन्या वर्णनांशी नमुना ताडून बघताना. शेतात हाती लागतो तो फक्त नमुना. तो नीट गोळा केला, नीट जपला आणि त्याला नीट चिठ्ठी लावली, तर पुढचं काम कुठलाही तज्ज्ञ दहा वर्षांनीही करू शकतो. यात हयगय झाली, तर जगातला सगळ्यांत मोठा तज्ज्ञही हात वर करेल.

आधी ओळखीची मंडळी

शोध सुरू करण्याआधी आपल्या आसपास कोण कोण राहतं ते माहीत असायला हवं. गांडूळखताच्या बेडमधलं, अंगावर तांबडे आणि पिवळट आडवे पट्टे असलेलं ते आयसेनिया फेटिडा. त्याच बेडमध्ये दिसणारं, जांभळट चकाकीचं, मोठं आणि गुबगुबीत ते युड्रिलस युजेनी, मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. शेणाच्या उकिरड्याखाली, वरून गर्द जांभळं आणि खालून फिकट, हात लावताच उसळी मारणारं बहुधा पेरिओनिक्स. शेतजमिनीत, फिकट तपकिरी अंगाचं आणि पुढच्या टोकाला जांभळट झाक असलेलं बहुतेक वेळा लॅम्पिटो मॉरिटी निघतं. महाविद्यालयात पिढ्यान् पिढ्या ज्याचं विच्छेदन झालं, ते फेरेटिमा पोस्थुमा आता मेटाफायर पोस्थुमा या नावाने ओळखलं जातं.

या नावांच्या जन्मकथा एकदा ओळीने पाहा. लॅम्पिटो मॉरिटी हे भारतीय उपखंडाचं गांडूळ. पण त्याचं वर्णन किनबर्गने १८६६ मध्ये केलं ते मॉरिशसच्या नमुन्यांवरून, म्हणून नावात मॉरिशस आलं. आपलं पाठ्यपुस्तकी पोस्थुमा व्हायांने १८६८ मध्ये जावाच्या नमुन्यावरून वर्णिलं. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस पेरिएने १८७२ मध्ये सायगावहून आलेल्या गांडुळांवरून. युड्रिलस तर सेंट हेलेना बेटावरून, जिथे ते मुळात राहतच नव्हतं. जहाजांतून कुंड्या, रोपं आणि माती जगभर फिरली आणि गांडुळं तिच्यासोबत गेली. त्यामुळे ‘हे आमच्या शिवारातलं आहे, म्हणजे इथलंच असणार’ हे गृहीतक पहिल्या दिवशीच सोडून द्यायचं. तुमच्या उसात सापडलेल्या गांडुळाचं पहिलं वर्णन ब्राझीलमध्ये झालेलं असू शकतं.

ब्राझीलचं नाव घेतलं ते उगाच नाही. पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हे गांडूळ आज उष्ण कटिबंधात जवळपास सर्वत्र आढळतं, भारतातही. त्याचं वर्णन फ्रिट्झ म्युलरने १८५७ मध्ये ब्राझीलमधल्या ब्लुमेनाउ इथून केलं. पुढे जनुकीय तपासणीत दिसलं, की या एका नावाखाली दिसायला सारख्या अशा अनेक जाती लपल्या आहेत. मग त्यांतली ‘खरी’ कोरेथ्रुरस कोणती? म्युलरचा मूळ नमुना उपलब्ध नव्हता. शेवटी संशोधकांनी ब्लुमेनाउला जाऊन पुन्हा गांडुळं गोळा केली आणि २०१९ मध्ये त्यांतलं एक नवा प्रमाण-नमुना म्हणून जाहीर केलं. दीडशेहून अधिक वर्षं जगभर वापरात असलेलं नाव नक्की कुणाचं, हे एका बाटलीतल्या नमुन्यावर अडून राहिलं होतं. नमुना जपा असं मी वारंवार म्हणेन, त्यामागे हे कारण आहे.

कुठे आणि केव्हा खणायचं

पर्जन्यछायेच्या या भागात उन्हाळ्यात कोरडवाहू रानात खणून काही उपयोग नाही. इथली गांडुळं त्या काळात खोल जातात, काही जाती मातीतल्या छोट्या पोकळीत वेटोळं करून पडून राहतात. पूर्ण वाढलेली गांडुळं हवी असतील तर पावसाळ्याचा उत्तरार्ध धरावा, श्रावणापासून दसऱ्यापर्यंत. बागायती उसात ती वर्षभर मिळतात, पण तिथे ओळखीच्याच जातींची गर्दी जास्त.

नवं काही मिळण्याची शक्यता जिथे नांगर, रासायनिक खत आणि बाहेरची माती कमी पोचली, तिथे अधिक. जुन्या चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीतली, कुजलेल्या पाल्याखालची माती. ओढ्याच्या काठचं करंजाचं बन. पिढ्यान् पिढ्या न मोडलेला रुंद बांध. गायरानातला मुरूम आणि माती जिथे मिळते तो उतार. घोडच्या पाण्यालगतचा चिखल स्वतंत्रपणे बघावा. ग्लिफिड्रिलस नावाची भारतीय गांडुळं अशाच पाणथळ जागी राहतात आणि पूर्ण वाढ झाली की त्यांच्या शरीराच्या दोन्ही कडांना पंखासारख्या पातळ पट्ट्या येतात. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणाऱ्या फार थोड्या गांडुळांपैकी ते एक.

खणताना सर्वमान्य पद्धत अशी : २५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, ३० सेंटिमीटर खोल खणायचा, माती घमेल्यात किंवा पोत्यावर घेऊन हाताने चाळायची. किती खड्डे घेतले ते लिहून ठेवायचं. त्याने पुढे संख्येची तुलना करता येते. पण नव्या जातीच्या शोधात या चौकोनाचा फार धाक बाळगू नये. दगड उलटा, सालीखाली बघा, केळीच्या खोडाच्या कुजलेल्या पापुद्र्यांत बघा. खोल जाणारी गांडुळं वर आणायला मोहरीची पूड पाण्यात कालवून जमिनीवर ओततात. ती चुरचुरते आणि गांडुळं वर येतात. त्यासाठी शेतात फॉर्मॅलिन ओतण्याची जुनी पद्धत आता वापरू नये.

एकाच गांडुळावर समाधान मानू नका. एकाच जागेची आठ-दहा तरी, आणि त्यांत शक्य तेवढी पूर्ण वाढलेली हवीत. पूर्ण वाढल्याची खूण म्हणजे अंगावरचा फुगीर पट्टा, पर्याणिका, ज्याला सगळे क्लायटेलम म्हणतात. हा पट्टा नसलेलं पिल्लू कितीही विचित्र दिसलं, तरी त्याच्यावरून जात ठरत नाही. ‘नवी जात’ म्हणून तज्ज्ञांकडे येणाऱ्या पुष्कळ गोष्टी अखेरीस ओळखीच्या जातीची पिल्लंच निघतात.

जिवंत असतानाच मोबाईलवर फोटो घ्या. पांढऱ्या ताटलीत, शेजारी पट्टी ठेवून, वरून आणि खालून. रंग द्रावणात गेल्यावर उडतो. पुढे वर्णन लिहिणाऱ्याला जिवंतपणीचा रंग कळण्याचा तोच एक मार्ग उरतो.

बाटली आणि चिठ्ठी

शेतकऱ्याकडे फॉर्मॅलिन किंवा शुद्ध अल्कोहोल नसतं आणि नसलेलंच बरं. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही त्यांनी गांडुळं त्याच जागेच्या ओलसर मातीसह भोकं पाडलेल्या डब्यात ठेवावी, डबा सावलीत ठेवावा आणि एक-दोन दिवसांत जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पोचवावा. मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेला डबा म्हणजे शिजवलेली गांडुळं, एवढं लक्षात ठेवा.

प्रयोगशाळेत पुढचा क्रम महत्त्वाचा. गांडुळं पाण्याने धुऊन सौम्य अल्कोहोलमध्ये, साधारण दहा-वीस टक्क्यांच्या द्रावणात, निपचित होईपर्यंत ठेवावी. थेट तीव्र द्रावणात टाकली तर ती आखडतात, तुटतात आणि खंड मोजणं अशक्य होतं. निपचित झाली की निदान एका-दोन गांडुळांच्या शेपटीकडचा छोटा तुकडा कापून ९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध अल्कोहोलच्या वेगळ्या कुपीत ठेवायचा. हा तुकडा डीएनएसाठी. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या गांडुळातून डीएनए नीट मिळत नाही, आणि नुसत्या अल्कोहोलमध्ये ठेवलेलं गांडूळ मऊ पडून विच्छेदनाला गैरसोयीचं होतं. म्हणून एकाच गांडुळाचे दोन भाग दोन ठिकाणी, आणि दोन्हींवर एकच क्रमांक. हा क्रमांक विसरला तर डीएनए एकाचा आणि शरीर दुसऱ्याचं अशी गफलत होते, आणि ती पुढे कुणाला कळतही नाही.

उरलेलं गांडूळ उथळ ट्रेमध्ये सरळ करून ठेवावं आणि त्यावर १० टक्के फॉर्मॅलिन ओतावं. इथे गोंधळ होतो, म्हणून सांगतो : बाजारातलं फॉर्मॅलिन हे फॉर्माल्डिहाइडचं सुमारे ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण असतं, त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की त्याला १० टक्के फॉर्मॅलिन म्हणतात. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. हातमोजे, उघड्या खिडक्या आणि शाळकरी मुलांना लांब ठेवणं, यांत तडजोड नको. काही दिवसांनी गांडूळ कडक झालं की पाण्याने धुऊन ७५-८० टक्के अल्कोहोलमध्ये कायमचं ठेवावं.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, शिसपेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, मोबाईलने दाखवलेले अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि जागेचं वर्णन लिहा. ‘शेत’ हे जागेचं वर्णन नव्हे. ‘उसाचा खोडवा, काळी माती, पाटापासून पाच पावलं, दहा सेंटिमीटर खोल’ हे वर्णन. गावाचं नावही एकट्याने पुरत नाही. सारख्या नावाची गावं महाराष्ट्रात अनेक, आणि पन्नास वर्षांनी चिठ्ठी वाचणारा माणूस कदाचित लखनौचा असेल.

खंड मोजण्याची शिस्त

सगळं गणित इथे सुरू होतं. गांडुळाचं शरीर कड्यांचं, म्हणजे खंडांचं असतं, आणि कुठल्या खंडावर काय आहे यावरून त्याचं कूळ, वंश आणि जात कळते. लांबी आणि जाडीला दुय्यम स्थान आहे. तेच गांडूळ आखडलेलं असेल तर निम्मं दिसतं. नमुना तुटका असेल किंवा शेपूट नव्याने उगवलेली असेल, तर एकूण खंडांची संख्याही धरू नये.

तोंडाच्या पुढचं छोटं ओठासारखं टोक खंड म्हणून मोजायचं नाही. तोंड जिथे आहे तो पहिला खंड. त्यावर दृढरोम नसतात. दृढरोम, म्हणजे मातीत पकड घ्यायला उपयोगी पडणारे सूक्ष्म काटे, दुसऱ्या खंडापासून सुरू होतात. मोजताना त्यांच्या ओळींकडे लक्ष ठेवा, कारण काही गांडुळांच्या प्रत्येक खंडावर जादा वळ्या असतात आणि त्या खंडांसारख्या दिसून फसवतात. तीन वेळा मोजा, दुसऱ्यालाही मोजायला सांगा. शास्त्रीय लेखनात १०/११ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ दहाव्या आणि अकराव्या खंडांमधली खाच.

दृढरोम किती आहेत यावरून पहिली मोठी विभागणी होते. प्रत्येक खंडावर आठच असतील, दोन-दोनच्या चार जोड्यांत, तर एक शक्यता. खंडाभोवती कड्यासारखे अनेक असतील, तर दुसरी. लॅम्पिटो, मेटाफायर आणि पेरिओनिक्स ही सगळी दुसऱ्या गटातली. त्यानंतर पाठीवरची छिद्रं. गांडूळ वरून हलकं दाबलं की खंडांच्या मधल्या खाचांतून पाण्याचे थेंब येतात, ती पाठछिद्रं. ही अजिबातच नसतील आणि नराची छिद्रं १०/११ या खाचेत असतील, तर तुमच्या हातात बहुधा मोनिलिगास्टर कुळातलं, बहुतेकदा द्राविडाच असेल. मुळं अतिशय जुनी असलेलं हे कूळ दक्षिण आणि पूर्व आशियात पसरलेलं आहे, आणि भारतात नवं काही सापडण्याच्या दृष्टीने ते सर्वांत फलदायी ठरलेल्या गटांपैकी एक.

पर्याणिका कुठून कुठवर आहे तेही लिहा. मेटाफायर पोस्थुमात ती १४ ते १६ व्या खंडांवर पूर्ण कडं करून असते. लॅम्पिटोत १७ पर्यंत जाते. आयसेनियात ती बरीच मागे, २४-२५ च्या पुढे, खोगिरासारखी असते. ज्यांना एवढंच ओळखता येतं, त्यांनाही शेतातली अर्धी गांडुळं इतक्यावर वेगळी करता येतील.

मग खालच्या बाजूला भिंगातून नराची छिद्रं, मादीचं छिद्र, शुक्रग्राहिकांची, म्हणजे जोडीदाराचे शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांची, छिद्रं आणि जननकाळातले उंचवटे. मेगास्कोलेसिड कुळात नराची छिद्रं १८ व्या खंडावर, मादीचं १४ व्यावर. ऑक्टोकीटोनासारख्या गांडुळांत प्रोस्टेट ग्रंथी १७ आणि १९ या खंडांवर उघडतात आणि नराचं छिद्र मध्ये १८ वर असतं. तिन्हींना जोडणारी बारीक पन्हळ दोन्ही बाजूंना दिसते. महाराष्ट्राच्या पठारावर आणि घाटात ऑक्टोकीटिडे या गटाच्या जाती पुष्कळ, आणि त्यांच्यावरचा मुख्य ग्रंथ जे. एम. जुल्का यांचा, भारतीय प्राणिसर्वेक्षणाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला. शिरूर भागात काम करणाऱ्याने तो हाताशी ठेवलाच पाहिजे. त्याआधीचा पाया म्हणजे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या जॉन स्टीफन्सनचा १९२३ चा ग्रंथ. ब्रह्मदेशातल्या गांडुळांवरचं गॉर्डन गेट्सचं १९७२ चं पुस्तक नावापुरतंच ब्रह्मदेशाचं. भारतात आढळणाऱ्या कितीतरी जाती त्यात सापडतात.

पोट उघडल्याशिवाय नाव नाही

बाहेरून कितीही पाहिलं तरी जात ठरवायला आत बघावंच लागतं. पाठीच्या मध्यरेषेच्या किंचित बाजूने, पुढून मागे, कात्रीचं टोक वर उचलून कापत जावं. मध्यावरूनच कापलं तर पाठीची रक्तवाहिनी तुटते. कातडी दोन्हीकडे टाचण्यांनी ताणून मेणाच्या ट्रेमध्ये पाण्याखाली बघावी. दहा ते चाळीसपट मोठं दाखवणारा द्विनेत्री सूक्ष्मदर्शी पुरतो.

पेषणी, म्हणजे अन्न दळणारा अवयव, कुठे आहे, एक की अनेक? मेटाफायरमध्ये ती पुढच्या भागात एकच असते. द्राविडात ती मागे, हृदयांच्याही पलीकडे, आणि अनेक. डायकोगॅस्टरमध्ये पुढच्या बाजूला दोन. चुन्याच्या ग्रंथी आहेत का आणि कोणत्या खंडांत? ऑक्टोकीटोनात त्या १५-१६ च्या आसपास असतात, डायकोगॅस्टरमध्ये १५ ते १७ मध्ये तीन जोड्या. वृक्कक, म्हणजे उत्सर्जनाच्या नळ्या, प्रत्येक खंडात मोठी एक जोडी की बारीक असंख्य? वृषणं किती जोड्या? शुक्रग्राहिकांना जोडलेली पिशवी किती, कशी, कुठे? नराच्या छिद्रापाशी विशेष दृढरोम असतील तर ते काढून काचपट्टीवर दाबून त्यांची टोकं बघायची. जाती वेगळ्या करण्यात ही टोकं फार उपयोगी ठरतात.

एकाच गांडुळाचं विच्छेदन करून थांबू नये. आठांपैकी तिघांत शुक्रग्राहिकाच नसतील तर काय म्हणाल? गांडुळांत अनेक जातींमध्ये फलनाशिवाय प्रजनन होतं, आणि अशा वंशांत पिढ्यांमागून पिढ्या नराचे अवयव, शुक्रग्राहिका, प्रोस्टेट कमी होत जातात किंवा नाहीशाच होतात. एका गांडुळात प्रोस्टेट नाही म्हणून नवी जात जाहीर करणारे लेख या शास्त्रात अनेक झाले आणि पुढच्या पिढीने ते मोडीत काढले. गेट्सने यावर आयुष्यभर सहकाऱ्यांना बजावलं. त्यामुळे फरक ‘असणं-नसणं’ या स्वरूपाचा असेल तर संशय धरा. रचनेत, जागेत, आकारात सातत्याने दिसणारा फरक असेल तर आशा धरा.

डीएनए : साक्षीदार, न्यायाधीश नव्हे

आता बहुतेक लेखांत सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. दोन गांडुळांत तो किती वेगळा आहे यावरून अंदाज येतो. गांडुळांच्या बाबतीत ढोबळमानाने ९ टक्क्यांहून कमी फरक एकाच जातीत खपून जातो आणि १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर वेगळी जात असण्याची शक्यता बळावते. मधला पट्टा संशयाचा. हे आकडे माशांसाठी किंवा पक्ष्यांसाठी वापरतात त्यांपेक्षा बरेच मोठे आहेत, हे लक्षात असू द्या. त्यासोबत तुलनेसाठी संबंधित जातींचे तुकडे सार्वजनिक संग्रहांत असायला हवेत. भारतातल्या बऱ्याच जुन्या जातींचे ते नाहीत. म्हणून ‘डीएनए कुणाशी जुळला नाही, म्हणून नवी’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. जुळायला त्या जातीचं नाव संग्रहात तरी हवं ना!

युरोपातलं सगळ्यांत प्रसिद्ध गांडूळ, लुंब्रिकस टेरेस्ट्रिस, हे अशा तपासणीचं चांगलं उदाहरण. शतकानुशतकं अभ्यासलेल्या या नावाखाली दोन जाती असल्याचं २०१० मध्ये डीएनएने दाखवलं. पण तिथेही संशोधकांनी नवं नाव दिलं नाही. दुसरीला लुंब्रिकस हेर्क्युलियस हे जुनं, विसरलेलं नाव परत मिळालं. जुनी नावं आधी तपासायची असतात, कारण जे आधी दिलं गेलं ते टिकतं. पुण्याच्या आणि कोकणाच्या गांडुळांवर परकीयांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलेले लहान लहान लेख आहेत. मेगास्कोलेक्स कोंकणेन्सिस हे नाव १८९८ मध्ये फेडार्बने दिलं. आज नवी वाटणारी जात कदाचित तिथे, दीड ओळीच्या वर्णनात, पडून असेल.

नाव देणं आणि कायदा

एवढं होऊनही गांडूळ कुठल्याच जुन्या वर्णनात बसलं नाही, तर वर्णन लिहायची वेळ येते. प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम, १ जानेवारी २००० पासून लागू असलेली चौथी आवृत्ती, सांगतात की नाव लॅटिन लिपीत, दोन शब्दांचं, आणि छापून किंवा नोंदणीकृत इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध झालेलं हवं. एक नमुना मुख्य प्रमाण-नमुना म्हणून नेमून तो कोणत्या संग्रहालयात ठेवणार हे स्पष्ट लिहायला हवं. इलेक्ट्रॉनिक प्रसिद्धीला २०१२ च्या दुरुस्तीने मान्यता मिळाली, पण लेखाची झूबँक या नोंदणीत आधी नोंद लागते. विद्यापीठात दिलेल्या प्रबंधात लिहिलेलं नाव प्रसिद्ध झालेलं मानलं जात नाही, आणि व्हॉट्सअॅपवर टाकलेलं तर मुळीच नाही. गावाच्या नावाने जात बसवायची असेल तर शेवटी -एन्सिस लावतात; व्यक्तीच्या नावाने असेल तर पुरुषासाठी -आय, स्त्रीसाठी -ई. स्वतःचं नाव स्वतःच्या जातीला देणं मात्र सभ्यपणात बसत नाही.

वर्णनाचा जीव निदानात असतो, म्हणजे हे गांडूळ त्याच्या सर्वांत जवळच्या जातीपासून नेमकं कशाने वेगळं, हे एका परिच्छेदात सांगण्यात. नवख्यांचे लेख इथे कोसळतात : दहा पानं वर्णन, आणि तुलना दोन ओळींत. आधी तुलनेचं कोष्टक लिहा, मग वर्णन.

भारतात कायदाही आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या ३९ व्या कलमानुसार नव्याने सापडलेल्या कुठल्याही वर्गीकरण-गटाची माहिती नेमलेल्या संग्रहालयाला देणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणिसर्वेक्षण बघतं, आणि त्याचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र शिरूरपासून फार लांब नाही; पिंपरी-चिंचवडमध्ये आकुर्डीला आहे. वनखात्याच्या जमिनीवर खणायचं असेल तर त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. नमुने परदेशी तज्ज्ञाला परस्पर पोस्टाने पाठवू नका; जायचेच असतील तर संस्थेमार्फत आणि कायद्याच्या चौकटीत जातील. लेख कुठे पाठवायचा हा प्रश्न नंतरचा, पण पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. भारतीय प्राणिसर्वेक्षणाची नियतकालिकं, कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा आणि झूटॅक्सासारखी आंतरराष्ट्रीय नियतकालिकं यांतून तुमच्या लेखाला खडूस पण उपयोगी परीक्षक मिळतील.

आणि गांडूळ जुनंच निघालं, तर? बहुतेकदा तसंच होईल. तरीही निमोण्याच्या कोणत्या मातीत, कोणत्या महिन्यात, किती खोल, कोणत्या जातीचं गांडूळ आहे, याची चिठ्ठीसह नोंद आजवर फारच थोड्या ठिकाणी झाली आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, असं कायदा सांगतो. बहुतेक नोंदवह्यांत झाडं आणि जनावरं भरपूर असतात, पण मातीतले जीव क्वचितच आढळतात. तुमच्या गावच्या नोंदवहीत गांडुळांसाठी पान आहे का, हे ग्रामसेवकांना विचारा. नसेल तर बाटल्यांचे क्रमांक, जागा आणि महाविद्यालयात ठरलेली नावं घेऊन समितीच्या पुढच्या बैठकीला जा, आणि जातीचं नाव अजून ठरलं नसेल तिथे वंशाचं नाव लिहून जागा मोकळी ठेवा.